हिशेबाची अमानत कोणाच्या हाती?
तीन मोफत डेटाबेसची व्यापाऱ्याच्या नजरेतून पारख

व्यापारी माणूस रात्री दुकान बंद करताना कुलूप दोनदा हलवून पाहतो. गल्ला मोजतो, चावी खिशात आहे ना याची खात्री करतो. पण ज्या संगणकात त्याची सारी उधारी, सारा जीएसटी आणि गोदामातील सारा माल नोंदलेला आहे, तो हिशेब आत नेमका कशात ठेवला आहे, हे तो विचारीत नाही. बिल छापून बाहेर आले की त्याचे समाधान होते. वास्तविक बिल छापणारा पडदा हा केवळ काउंटरवरचा नोकर आहे. खरे दप्तर त्याच्या मागे असते आणि त्या दप्तराला डेटाबेस म्हणतात. नोकर कितीही चुणचुणीत असला तरी दप्तर कच्चे असेल तर धंदा धोक्यात येतो.

आज बाजारात जी हिशेबाची सॉफ्टवेअर मिळतात, त्यांतील अनेकांच्या पोटात मुक्तस्रोत डेटाबेस असतो. मुक्तस्रोत म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे आणि जो वापरायला परवान्याची फी द्यावी लागत नाही. फुकटची वस्तू म्हटली की आपले व्यापारी बंधू दोन टोकाला जातात. काही जण म्हणतात, 'फुकट आहे तर घ्या.' काही म्हणतात, 'फुकट आहे म्हणजे भरवशाचे नसणार.' दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. कापडाचे ठाण आपण भावावरून पारखीत नाही; हात लावून, धुऊन, उन्हात धरून पारखतो. डेटाबेसचीही तशीच पारख करता येते. ती कशी करावी, हेच या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर अधिक महत्त्वाचा का?

रेवदंडा-चौलचे बंदर एकेकाळी रेशमी कापडासाठी ओळखले जाई. आज आमच्या बाजारात माल येतो तो भिवंडी, मालेगाव, सुरत, इचलकरंजीहून. उधारी मात्र पूर्वीसारखीच चालते. कोणी ईदचे कपडे नेतो आणि आखाती देशातील मुलाचा पैसा आला की देतो. कोणी लग्नाचा बस्ता जांगड नेतो व नको तो माल परत आणतो. शिलाई करणाऱ्या भगिनींकडे कापड कामासाठी दिलेले असते. हे सर्व व्यवहार नोंदीवर उभे आहेत. नोंद गेली तर दुकानदाराचे पैसे बुडतात हे खरेच. पण त्याहून वाईट म्हणजे ज्याने पैसे दिले आहेत त्याच्याकडेच पुन्हा मागणी होते. एका गरीब शिलाईवालीची मजुरी जमा दिसत नाही म्हणून तिला खोटे ठरविले जाते. म्हणून आम्ही हिशेबाला अमानत म्हणतो.

त्यात आपल्याकडची वीज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात वीज क्षणात जाते व क्षणात येते. खाऱ्या हवेने यंत्रांना गंज चढतो. अशा ठिकाणी दप्तराची पहिली कसोटी एकच: बिल करता करता वीज गेली तर काय होईल?

कायद्याचाही तगादा आहेच. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. हिशेब संगणकावर असेल तर अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीनंतर तो वाजवी मुदतीत परत उभा करता येईल अशी प्रत ठेवणे नियम ५७ अन्वये बंधनकारक आहे. 'वादळात संगणक भिजला' हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालणार नाही.

तीन नावे, तीन घराणी

प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायचा आणि ते तक्ते एकमेकांशी जोडायचे, ही कल्पना आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. ग्राहकांचा एक तक्ता, बिलांचा दुसरा, मालाचा तिसरा. बिलात ग्राहकाचा क्रमांक लिहिला की दोन्ही जुळले. या पद्धतीच्या मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये तीन घराणी आज सर्वात जास्त वापरात आहेत.

पहिले पोस्टग्रेएसक्यूएल, ज्याला थोडक्यात पोस्टग्रेस म्हणतात. १९८६ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी हे काम सुरू केले. सध्याचे नाव १९९६ सालचे. त्याची कोणी एक कंपनी मालक नाही. त्यावर काम करणाऱ्या एन्टरप्राइजडीबी या कंपनीचे कार्यालय आपल्या पुण्यातही आहे. दुकान-कारखान्याच्या कामासाठी ओडू नावाचे सॉफ्टवेअर वापरले जाते, ते पोस्टग्रेसवर चालते.

दुसरे मायएसक्यूएल. हे १९९५ साली स्वीडनमध्ये जन्मले. २००८ साली सन कंपनीने ते घेतले आणि २०१० साली सनसकट ते ओरॅकलच्या हाती गेले. तेव्हा मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी वेगळी चूल मांडली, ती मारियाडीबी. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रामुख्याने मारियाडीबीवर चालते. ते उभारणारे रुषभ मेहता यांना अशा सॉफ्टवेअरची गरज प्रथम भासली ती घरच्या फर्निचरच्या धंद्यात. म्हणजे हे बीज व्यापाऱ्याच्या घरातच पडले.

तिसरे एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा डेटाबेस वेगळा सर्व्हर न लावता एकाच फाइलमध्ये राहतो. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो आहे. म्हणजे ज्यांनी आयुष्यात संगणक घेतला नाही त्यांच्याही खिशात तो आहे. त्याच्या मूळ कोडच्या शेकडो पट मोठा कोड केवळ त्याची परीक्षा घेण्यासाठी लिहिलेला आहे. त्याच फ्रॅपे कंपनीचे फ्रॅपे बुक्स हे छोट्या धंद्यासाठीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर एसक्यूलाइटवर बेतलेले आहे.

पहिली कसोटी: वीज गेली तर

जुने मुनीमजी व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत लिहीत आणि मग सवडीने खातेवहीत खतावणी करीत. खतावणी अर्धी राहिली तरी चिंता नसे. रोजकीर्द उघडून ती पुरी करता येई. भरवशाचा डेटाबेसही हेच करतो. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल-मारियाडीबीचे इनोडीबी दप्तर प्रथम व्यवहार एका लॉगमध्ये, म्हणजे रोजकीर्दीत, डिस्कवर पक्का करतात आणि मगच 'नोंद झाली' असे सांगतात. वीज परत आल्यावर लॉग वाचून राहिलेली खतावणी पुरी होते. एसक्यूलाइट मूळच्या पद्धतीत उलट करतो: पान बदलण्याआधी जुन्या पानाची नक्कल काढून ठेवतो आणि काम अर्धे राहिले तर जुने पान परत लावतो. रीत वेगळी, पण फळ एकच. बिलाची नोंद एक तर पूर्ण होते, नाही तर मुळीच होत नाही. माल वजा झाला पण पैसे जमा झाले नाहीत, असे अर्धवट काम राहत नाही.

पान लिहिता लिहिता वीज गेली तर ते अर्धे नवे अर्धे जुने राहील, याचाही तिघांनी विचार केला आहे. इनोडीबी पान आधी बाजूला एकदा लिहून मग जागेवर लिहितो. पोस्टग्रेस ठरावीक टप्प्यानंतर पहिल्यांदा बदललेले संपूर्ण पान लॉगमध्ये उतरवतो. एसक्यूलाइटकडे जुन्या पानाची नक्कल असतेच.

मग फरक कुठे? एक फरक इतिहासाचा आहे. मायएसक्यूएलमध्ये २०१० च्या ५.५ आवृत्तीपर्यंत मायआयसॅम नावाचे दप्तर आपोआप मिळत असे. त्यात रोजकीर्दच नव्हती. वीज गेली की तक्ता मोडलेला सापडे व दुरुस्ती करावी लागे. दुरुस्तीत काही नोंदी जाऊही शकत. मायएसक्यूएल कच्चा आहे, ही बदनामी बरीचशी त्या काळातली आहे. आजचा इनोडीबी तसा नाही. पण जुने सॉफ्टवेअर अजून मायआयसॅमवर चालत असेल तर ती बदनामी त्याला आजही लागू आहे.

दुसरा फरक जोडणीचा. वेग वाढविण्यासाठी काही सॉफ्टवेअरवाले रोजकीर्द डिस्कवर पक्की न करताच 'झाले' म्हणण्याची सोय चालू करतात. मायएसक्यूएलमध्ये लॉग पक्का करण्याच्या जोडणीचे मूल्य १ असावे; ते ० किंवा २ केले तर वीज जाताच सुमारे एका सेकंदाच्या नोंदी जाऊ शकतात. पोस्टग्रेसमध्ये एफसिंक आणि एसक्यूलाइटमध्ये सिंक्रोनस ही जोडणी बंद केली तर सबंध दप्तरच मोडू शकते. तिघांतही मूळ जोडणी सुरक्षित आहे. ती बिघडते ती बहुधा बसविणाऱ्याच्या घाईने.

पोस्टग्रेस सर्वात सावध मानला जातो, पण त्यालाही ठेच लागली आहे. २०१८ साली उघड झाले की डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ती एकदाच सांगून विसरून जाई, आणि पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न करून 'आता झाले' असे समजे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुधारणा आली. आता अशी चूक दिसताच तो थांबतो आणि लॉगवरून हिशेब पुन्हा उभा करतो. चूक लपविली नाही, सर्वांसमोर चर्चा करून सुधारली, हा मुक्तस्रोताचा खरा फायदा आहे.

दुसरी कसोटी: चुकीची नोंद दारातच अडवतो का?

चांगला मुनीम ३१ फेब्रुवारीची हुंडी घेत नाही. येथे मात्र तिघांचे स्वभाव निराळे आहेत.

पोस्टग्रेस कडक आहे. रकमेचा रकाना लहान पडला, तारीख खोटी असली, नाव जागेपेक्षा लांब झाले, तर तो नोंद नाकारतो आणि चूक दाखवितो.

मायएसक्यूएल फार वर्षे मवाळ होता. समजा रकमेचा रकाना ९९,९९९.९९ पर्यंतचा आहे आणि आपण १,२५,००० चे बिल टाकले. जुना मायएसक्यूएल मूळ जोडणीत ते नाकारत नसे, ९९,९९९.९९ लिहून मोकळा होई. इशारा मागे कोठेतरी पडून राही. २५,००० रुपयांची तूट ताळेबंदाच्या वेळी डोके खाई. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून मूळ जोडणी कडक झाली, मारियाडीबीत २०१७ च्या १०.२ पासून. 'रक्कम शून्यापेक्षा जास्त असावी' असा नियम लिहिला तर मायएसक्यूएल तो वाचत असे पण पाळत नसे. २०१९ च्या ८.०.१६ पासून तो पाळू लागला.

आम्हा उर्दू-मराठी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मायएसक्यूएलची मूळ लिपी-जोडणी २०१८ च्या ८.० पर्यंत युरोपीय अक्षरांची होती. जोडणी न बदलता देवनागरी वा उर्दू नाव टाकले की कित्येकदा प्रश्नचिन्हांची रांग उमटे. ग्राहकाचे नाव एकदा प्रश्नचिन्ह झाले की ते परत मिळत नाही. पोस्टग्रेसमध्ये लिपीचा वेगळा धोका आहे. २०१८ साली लिनक्समधील अक्षरांचा क्रम लावण्याची रीत बदलली. त्यामुळे लिनक्सची आवृत्ती चढविल्यावर जुन्या क्रमाने लावलेल्या सूचीत काही नावे असूनही सापडेनात. उपाय सोपा आहे, सूची नव्याने बांधणे. पण तो करायला हवा हे माहीत पाहिजे.

एसक्यूलाइट सर्वात दिलदार. अंकाच्या रकान्यात 'पाच ठाण' असे शब्दांत लिहिले तरी तो ठेवून घेतो. २०२१ पासून कडक तक्त्याची सोय आहे, पण ती सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने मागावी लागते. ग्राहक पुसला तरी त्याची बिले लोंबकळत राहू नयेत, ही तपासणीही त्यात सहसा आपोआप चालू नसते. पैशांच्या दशांशी रकमेसाठी खास प्रकार नाही; म्हणून शहाणा लेखक रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवतो. थोडक्यात, एसक्यूलाइटच्या बाबतीत अर्धी जिम्मेदारी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची असते.

तिसरी कसोटी: अनेक हात एका दप्तरावर

एकच काउंटर असेल तर एसक्यूलाइट पुरेसा आहे. एका वेळी एकच हात त्यात लिहू शकतो. पण काही लोक तीच फाइल नेटवर्कच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवून तीन काउंटरवरून उघडतात. हे टाळावे. नेटवर्कवर कुलपाची शिस्त नीट पाळली जाईलच असे नाही आणि फाइल मोडू शकते, असे एसक्यूलाइटचे कर्तेच बजावतात. दुकान, गोदाम आणि अलिबागची शाखा एकाच दप्तरावर चालवायची तर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी हेच योग्य.

थोरामोठ्यांच्या ठेचा

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग पोस्टग्रेस घेतला की निर्धास्त. तसे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या मोठ्या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम यंत्र समजून मुख्य यंत्रावरचे पोस्टग्रेसचे दप्तर पुसले. प्रती काढण्याच्या पाच रीती होत्या, पण त्यांतील एकही भरवशाने कामी आली नाही. रोजची प्रत आवृत्ती न जुळल्याने निघतच नव्हती आणि त्याची सूचना देणारी ईमेल कोणाला पोहोचत नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत सापडली. सहा तासांचे काम मात्र गेले. डेटाबेसने दगा दिला नव्हता.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील यंत्रांचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात त्यांच्या मायएसक्यूएलच्या व्यवस्थेने पश्चिमेच्या यंत्राला मुख्य केले. दोन्हीकडे थोड्या थोड्या वेगळ्या नोंदी झाल्या. त्या जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. दोन वह्यांत दोन मुनीम लिहू लागले की काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

पोस्टग्रेसमध्ये व्यवहारांच्या क्रमांकाची मर्यादा सुमारे २०० कोटींची आहे. जुने क्रमांक वेळेवर साफ झाले नाहीत तर तो हिशेब बिघडू देण्याऐवजी लिहिणेच बंद करतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये मॅन्ड्रिल ही ईमेल सेवा यामुळेच अडखळली. आपल्या दुकानाला ही मर्यादा गाठायला पिढ्या लागतील. सफाईही आपोआप होते. पण स्वभाव लक्षात घ्यावा: शंका आली तर थांबणारा मुनीम शंका गिळून लिहिणाऱ्या मुनीमापेक्षा बरा.

मग निवड कोणती?

आमचे मत स्पष्ट आहे. एक माणूस, एक काउंटर, एक संगणक असेल तर एसक्यूलाइटवरचे चांगले सॉफ्टवेअर घ्यायला हरकत नाही. दोन-चार माणसे एकाच वेळी लिहिणार असतील आणि सॉफ्टवेअर नव्याने बनवून घ्यायचे असेल, तर पोस्टग्रेस निवडावा. चुकीची नोंद दारातच अडविण्यात तो पहिल्यापासून कडक आहे. तयार ईआरपीनेक्स्ट घेत असाल तर ते ज्यावर वाढले त्या मारियाडीबीवरच चालू द्यावे. ज्याच्यावर सॉफ्टवेअर तपासले गेले आहे ते सोडून दुसऱ्यावर चढविण्यात भरवसा वाढत नाही, घटतो. आणि ज्याची देखभाल करणारा माणूस अलिबाग-पेण-पनवेलच्या टप्प्यात मिळेल, त्याला चार गुण जास्त द्यावेत.

सॉफ्टवेअरवाल्याला पैसे देण्याआधी पुढील प्रश्न विचारावेत. उत्तर इंग्रजी शब्दांच्या फैरीत आले तर मराठीत पुन्हा विचारावे.

१. दप्तर कोणत्या डेटाबेसमध्ये आहे आणि आवृत्ती कोणती? मायएसक्यूएल असेल तर तक्ते इनोडीबीचे आहेत की मायआयसॅमचे?

२. नोंद डिस्कवर पक्की करण्याची मूळ जोडणी बदलली आहे काय? कडक तपासणी चालू आहे ना?

३. रोजची प्रत कोण काढतो, कशी? डेटाबेस चालू असताना नुसते फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकणे म्हणजे प्रत नव्हे. मुनीम लिहीत असताना वहीची पाने फाडून नेण्यासारखे ते आहे. तिन्ही डेटाबेसमध्ये प्रत काढण्याची खास आज्ञा आहे, तीच वापरावी.

४. एक प्रत दुकानाबाहेर, शक्यतो समुद्रापासून दूरच्या गावी राहते काय? दुसऱ्या यंत्रावर सतत उमटणारी नक्कल ही प्रत नव्हे. येथे पुसले की तेथेही पुसले जाते.

५. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून गेल्या महिन्याचा ताळेबंद जुळविला, असे शेवटचे कधी केले?

याशिवाय संगणकाला यूपीएस लावावा आणि त्याची बॅटरी दर पावसाळ्याआधी तपासावी. स्वस्त एसएसडी डिस्क घेताना जपून. काही डिस्क 'लिहिले' असे सांगतात, पण माल अजून त्यांच्या तात्पुरत्या स्मृतीतच असतो. वीज गेल्यास तेवढे लिहून काढण्याची सोय असलेली डिस्क थोडी महाग पडते, पण एका ठाणाच्या नफ्यापुढे तिचा भाव मोठा नाही.

पाच प्रश्नांत पाचवा सर्वात मोलाचा. तिन्ही डेटाबेस आज लिहिलेली नोंद जपायला समर्थ आहेत. त्यांतील फरक आम्ही वर मांडला. पण न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे न वटलेला चेक. येत्या शुक्रवारी दुपारी दुकान बंद असते तेवढ्या वेळात एकदा प्रत उघडून पाहा. जुळली तर उत्तम. न जुळली तर ती आज कळली, वादळानंतर नाही, एवढा फायदा झालाच.